वेव्ही केसांवर साइड फ्लिक्स : कापण्याआधीपासून बसवण्यापर्यंत

मावसबहिणीच्या लग्नाला चार दिवस राहिले असताना मी पहिल्यांदा फ्लिक्स कापून घेतल्या. पार्लरमध्ये केस ओले केले, कपाळावरची बट पुढे ओढून नाकाच्या शेंड्याशी धरली आणि एका फटक्यात कापली. ओली होती तोवर छान दिसत होती. घरी येईपर्यंत केस वाळले आणि तीच बट भुवईच्या वर जाऊन बसली, टोकं एकीकडे आणि मधला भाग दुसरीकडे. करवली म्हणून नवरीमागे कलश घेऊन उभी आहे, त्या प्रत्येक फोटोत माझ्या कपाळावर चार काळ्या पिना दिसतात.

कापणारीचा हात चांगला होता. फक्त वेव्ही केस वाळले की वर चढतात, हे तिने धरलं नव्हतं आणि मलाही माहीत नव्हतं. नंतर आत्याने मला सगळं नीट समजावलं. ठाण्यात नौपाड्याला तिचं बरीच वर्षं घरगुती पार्लर होतं. तिचं पहिलं वाक्य मी आजही प्रत्येकीला सांगते: पहिल्यांदा कापताना बट कानामागे जाईल एवढी लांब ठेव. नाही आवडली तर कानामागे सारता येते, गाडीत घामाघूम झालीस तर कानामागे सारता येते, आणि आवडली तर आणखी कापायला कात्री कुठे पळून जात नाही.

फ्लिक्स म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करते. कोणी याला साइड बँग्ज म्हणतं, कोणी साइड फ्रिंज. आमच्याकडे पार्लरमध्ये फ्लिक्स म्हटलं की लगेच कळतं. भांगापासून निघून कपाळावरून तिरप्या उतरणाऱ्या आणि एका गालाकडे लांब होत जाणाऱ्या बटा. कपाळ पूर्ण झाकणारी सरळ झालर वेगळी. वेव्ही केसांवर आणि आपल्या दमट हवेत त्या झालरीच्या वाटेला नवख्या मुलींनी जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी एक रविवार केसांना द्या

शाम्पू करा, कंडिशनर लावा, धुवा. टॉवेलने रगडू नका. जुन्या सुती टी-शर्टने नुसतं टिपा. मग काहीही न लावता, न विंचरता, पंख्याखाली केस वाळू द्या. पूर्ण वाळले की खिडकीपाशी उभ्या राहून फक्त समोरचे केस बघा. मागच्या केसांना कितीही सुंदर लाटा असोत, आत्ता त्यांचा संबंध नाही. बऱ्याच जणींचे समोरचे केस मागच्यापेक्षा सरळ असतात, काहींचे जास्त वळणदार.

लाट कुठून सुरू होते ते पाहा. मुळाशी केस चापून सपाट आणि कानाच्या खाली नुसता हलका बाक असेल तर तुमचं काम सोपं आहे. या केसांना टू-ए म्हणतात. डोळ्यांच्या पातळीपासून स्पष्ट नागमोडी वळण असेल तर ते टू-बी. मुळापासूनच वळण, केस जाड आणि पावसाळ्यात फुगणारे असतील तर टू-सी. टू-सीवालीने टू-एवालीचा फोटो दाखवून तशाच फ्लिक्स मागितल्या, तर मागणारी आणि कापणारी, दोघींपैकी कोणाचाच दोष नसताना निकाल वाईट लागतो.

आता मोजमाप. कपाळाच्या मधोमधून शिसपेन्सिलीएवढी जाड बट घ्या. ओली करून हलकेच ताणा आणि कुठवर पोचते ते बघा. माझी हनुवटीपर्यंत येते. वाळल्यावर तीच बट वरच्या ओठापाशी थांबते, म्हणजे जवळपास तीन सेंटिमीटर वर चढते. टू-सी केस याहून जास्त चढतात. तुमचा आकडा काय तो कागदावर लिहून ठेवा. पार्लरमध्ये हा एक आकडा दहा फोटोंपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

हे असं का होतं? केसाच्या आतल्या प्रथिनांना एकमेकांशी बांधून ठेवणारे काही बंध पाण्याने सुटतात. त्यांना हायड्रोजन बंध म्हणतात. ते सुटले की केस मऊ पडतो, ताणला जातो. वाळताना ते बंध पुन्हा जुळतात आणि केस ज्या आकारात असेल तो आकार धरतो. फ्लिक्स बसवण्याची सगळी विद्या या एका गोष्टीवर उभी आहे. जुलैत घराबाहेर पडल्यावर फ्लिक्स का बिघडतात, याचंही उत्तर हेच: हवेतलं पाणी केसात शिरतं आणि सकाळी जुळवलेले बंध पुन्हा सुटतात.

भांग तुम्ही पाडू नका, तो सापडू द्या

केस ओले असताना सगळे मागे विंचरा. मग तळहात डोक्यावर ठेवून केस हलकेच पुढे ढकला आणि सोडून द्या. ते जिथे आपोआप दुभंगतात तो तुमचा खरा भांग. दोन-तीनदा करून बघा. फ्लिक्स या भांगाच्या जास्त केस असलेल्या बाजूला उतरवायच्या.

कपाळाच्या रेषेवर भोवरा आहे का, तेही याच वेळी तपासा. भोवरा असेल तर तिथले केस उलटे उभे राहतात किंवा ठरावीक बाजूलाच वळतात. भोवऱ्याशी भांडू नका. तो डावीकडे वळतो ना, तर फ्लिक्सही डावीकडे जाऊ द्या. फोटोतल्या मुलीच्या उजवीकडे आहेत म्हणून तुमच्याही उजवीकडे हव्यात, असं काही नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी भांग पाडत आला असाल तर केसांनाही तशी सवय लागलेली असते. भांग बदलायचाच असेल तर फ्लिक्स कापण्याआधी दोन-तीन आठवडे नव्या भांगाने वावरा आणि मग ठरवा.

किती केस, किती लांब

फ्लिक्ससाठी एक तिकोन काढतात. त्याचं टोक भांगावर, कपाळाच्या रेषेपासून साधारण दोन बोटं मागे. तिथून दोन तिरप्या रेषा खाली येतात आणि दोन्ही भुवयांच्या शेपटाशी संपतात. एवढ्याच केसांना कात्री लावायची. कानशिलावरचे विरळ केस यात घेतले तर बाजू रिकामी दिसते आणि केस बांधल्यावर ती जागा झाकता येत नाही. केस दाट असतील तर तिकोन आणखी लहान घ्या, कारण वेव्ही केस वाळल्यावर फुगतात आणि थोडेसेच केसही भरपूर वाटतात.

लांबीबद्दल माझं मत सांगते. वेव्ही केसांच्या फ्लिक्सची सर्वांत आखूड बट वाळल्यावर डोळ्याच्या खाली यायला हवी आणि सर्वांत लांब बट ओठांपाशी किंवा हनुवटीशी. भुवईवर संपणाऱ्या फ्लिक्स सरळ केसांना शोभतात. वेव्ही केसांवर त्या रोज सकाळी ड्रायर मागतात, आणि सकाळी सहाला डबे भरणाऱ्या बाईला ते परवडत नाही.

चेहऱ्याच्या आकाराचे नियम लोक फार छातीठोकपणे सांगतात, पण मी दोन-तीनच पाळते. चेहरा गोल असेल तर भांग थोडा बाजूला घ्या आणि बट गालाच्या हाडाखाली संपू द्या. गालाच्या सर्वांत रुंद जागी संपवली तर चेहरा आणखी रुंद वाटतो. चेहरा लांबट असेल तर फ्लिक्स कपाळावरून जरा आडव्या वळू द्या. कपाळ लहान असेल तर तिकोन लहान आणि बटा लांब. चष्मा असेल तर मात्र तो घालूनच कापायला बसा. फ्रेमच्या वरच्या काठाशी संपणारी बट दिवसभर काचेवर येत राहते. ती एकतर फ्रेमच्या बाजूने खाली उतरायला हवी, नाहीतर कानामागे जायला हवी.

काही जणींनी सध्या थांबलेलं बरं. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी अनेकींचे केस गळतात आणि मग कपाळाच्या रेषेवर बोटभर नवे केस उभे राहतात. त्यात फ्लिक्सची भर घालू नका, ते केस वाढू द्या. समोरचे केस एकाएकी विरळ होत असतील तर आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. स्मूदनिंग किंवा केरॅटिन (केस सरळ, मऊ करण्याच्या पार्लरमधल्या ट्रीटमेंट) करून काही महिने झाले असतील तर मुळाशी वळण आणि खाली सरळ, अशी दोन तऱ्हांची बट मिळते. तिला लांबच ठेवा.

पार्लरमध्ये काय सांगायचं

जाताना केस आदल्या दिवशी धुतलेले, कोरडे, बिनतेलाचे आणि नेहमीच्या भांगात मोकळे असू द्या. दोन फोटो न्या, पण वेव्ही केसांच्या मुलींचेच. राम मारुती रोड आणि गोखले रोडवर गल्लोगल्ली पार्लरं आहेत आणि शनिवार-रविवारी सगळीकडे गर्दी. मंगळवार-बुधवारची दुपार निवडा. घाईत असलेल्या माणसाकडून फ्लिक्स कापून घेऊ नयेत.

खुर्चीत बसल्यावर बोलायला लाजू नका. माझं बोलणं साधारण असं असतं:

“ताई, फ्लिक्स कोरड्या केसांवरच कापा हं. ओले कापले की वाळल्यावर माझे तीन सेंटिमीटर वर चढतात.”

“थोडं पाणी मारते ना, नाहीतर हातात नीट येत नाही.”

“तिकोन काढेपर्यंत मारा, चालेल. कापायच्या आधी वाळवू या. आणि पहिली कात्री ओठाच्या खाली लावा, मग बघत बघत वर जाऊ.”

“रेझरने देऊ का? सॉफ्ट येतं.”

“नको, कात्रीनेच, उभी धरून.”

उभी कात्री म्हणजे पॉइंट कटिंग. कात्री आडवी लावली की सरळ रेष पडते आणि वेव्ही केसात ती पायरीसारखी दिसते. उभ्या कात्रीने टोकं थोडी लहानमोठी होतात आणि लाटेत मिसळून जातात. रेझरने टोकं तिरकी सोलली जातात, मग दमट हवेत तीच आधी पिंजारतात. थिनिंगच्या दातेरी कात्रीलाही मी नकार देते. तिने मध्येच कापलेले आखूड केस काही आठवड्यांनी आतून वर ढकलायला लागतात आणि फ्लिक्स उगाच फुगतात.

दर दोन-तीन कापांनंतर बट सोडून द्यायला सांगा. मान हलवा, बट तिच्या जागी बसू द्या, आरशात बघा. मग ती कानामागे सारून बघा. कानामागे राहिली तर आज तिथेच थांबा. “अजून थोडं घेऊ?” असं विचारतील, तेव्हा “आठवड्याने येते” म्हणा आणि खरंच आठवड्याने जा.

रोज सकाळची पाच-सात मिनिटं

सगळं डोकं धुवायची गरज नाही. बाकीचे केस क्लचरमध्ये अडकवा आणि फक्त फ्लिक्स मुळापासून ओल्या करा. मुळापासून, हे महत्त्वाचं. बट रात्रभर उशीवर ज्या दिशेला दबली ती दिशा मुळाशी अडकलेली असते. नुसती टोकं ओली करून काही होत नाही.

ड्रायर असेल तर मध्यम उष्णतेवर, डोक्यापासून वीतभर लांब, ड्रायरचं तोंड खाली करून धरा. कंगव्याने बट आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे अशी कपाळाला चापून विंचरत वारा द्या. दोन्ही बाजूंना फिरवल्याने मुळाशी असलेला हट्ट मोडतो आणि भोवराही बराच नमतो. मुळं वाळली की ड्रायर बंद करा आणि टोकं बोटांनी वळवून सोडा. गोल ब्रशने टोकं आत वळवायची सवय असेल तर सोडा. त्याने कपाळावर नळी तयार होते.

मी आठवड्यातले चार दिवस ड्रायर वापरतच नाही. ओली बट चेहऱ्यापासून बाहेरच्या दिशेला एकदाच बोटाभोवती सैल पिळायची, गालाच्या हाडापाशी चपटा चाप लावायचा आणि पोळ्या लाटायला लागायचं. चाप दातेरी नको, खूण पडते. पंधरा-वीस मिनिटांत बट वाळते. चाप काढल्यावर लगेच विंचरू नका. बोटांनी एकदा मोकळी करा आणि सोडून द्या. मी उत्साहात कंगवा घालायचे आणि लाटेचा भुसा व्हायचा.

स्ट्रेटनर लावायचाच असेल तर केस पूर्ण कोरडे हवेत, आधी हीट प्रोटेक्टंट (उष्णतेपासून केस जपणारं क्रीम किंवा स्प्रे) लावा आणि तापमान १५० ते १७० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा. कपाळावरचे केस डोक्यावरच्या इतर केसांपेक्षा बारीक असतात, त्यांना दोनशेच्या वर नेऊ नका. बट सरळ न ओढता मनगट हलकेच बाहेर वळवत न्या.

आता लावायचं काय. फ्लिक्सला मुगाच्या दाण्याएवढं जेल पुरतं. तेही आधी बाकीच्या केसांना लावून हाताला जे उरतं ते टोकांना. मी घरी जवसाचं जेल करते: पाव कप जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत उकळायचे, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार सुटली की गॅस बंद करून गरम असतानाच गाळून घ्यायचं. थंड झाल्यावर गाळायला गेलात तर गाळणीतून उतरतच नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की टाकून द्यायचं. पावसाळ्यात ग्लिसरीन भरपूर असलेली क्रीम मात्र टाळा. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जुलैत ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता असताना ते पाणी फ्लिक्सवरच येतं.

गाडी, स्कूटी आणि पाऊस

ठाणे स्टेशनच्या पुलावरून उतरून लेडीज डब्यात शिरेपर्यंत कपाळाला घाम आलेला असतो. मी ऐरोलीला ट्रान्स-हार्बर लोकलने जाते. घरापासून ऑफिसच्या दारापर्यंत फ्लिक्स मोकळ्या ठेवतच नाही. सैल पीळ देऊन मागे नेते आणि दोन काळ्या पिना एकमेकींवर फुलीसारख्या लावते. एक पिन सरकते, फुली सरकत नाही. पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवा, पकड चांगली बसते. ऑफिसात पोचल्यावर सुती रुमालाने कपाळ टिपायचं, पुसायचं नाही, मग पिना काढायच्या. पीळ दिल्याने बटेला आयतं वळण मिळालेलं असतं. हेल्मेटखालीही हाच पीळ, फक्त पिना हेल्मेटच्या पॅडखाली येणार नाहीत अशा बाजूला घ्या, नाहीतर कपाळात रुततात.

पावसात भिजलात तर ओल्या फ्लिक्स विंचरून सपाट करू नका. बोटांनी भांगापासून बाजूला करा आणि तशाच वाळू द्या.

पाण्याचाही हात असतो. घोडबंदर रोडला बऱ्याच सोसायट्यांमध्ये टँकरचं पाणी येतं, काही ठिकाणी बोअरचं. पाणी जड असेल तर क्षारांचा थर बसून केस राठ होतात आणि लाट मरगळते. दोन-तीन आठवड्यांतून एकदा क्लॅरिफायिंग, म्हणजे साचलेला थर धुऊन काढणारा, शाम्पू वापरा. निदान शेवटचा एक तांब्या प्यायच्या पाण्याचा समोरच्या केसांवर घ्या. एवढ्यानेही फरक दिसतो.

तेल, टिकली, मुंडावळ्या

खोबरेल तेल चंपीला लावा, मागे लावा, फ्लिक्सना नको. त्या दिवसभर कपाळाला चिकटून असतात, कपाळाचं तेल आधीच त्यांना लागतं. त्यात खोबरेलाची भर पडली की कपाळावर बारीक पुटकुळ्या येतात. तेल लावलेल्या रात्री फ्लिक्स वेगळ्या पिनअप करून ठेवा. मधल्या दिवशी त्या तेलकट झाल्या तर बेसिनपाशी वाकून थेंबभर शाम्पूने फक्त तेवढ्याच धुवा.

घरात लग्न असेल तर फ्लिक्स किमान सहा आठवडे आधी कापा. नवरी तुम्हीच असाल तर तुमचा नेहमीचा भांग आणि मुंडावळ्या यांचा विचार आधी करा. मुंडावळ्यांची दोरी कपाळावरून आडवी जाते आणि आखूड बट तिच्याखाली दबून वर उसळते. कानामागे जाणारी लांब बट असेल तर ती अंबाड्यात मिसळता येते किंवा दोरी बांधून झाल्यावर तिच्यावरून एका बाजूला सोडता येते. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत फेटा बांधायचा असेल तर फेट्याआधी बट बाजूला काढून ठेवा आणि चंद्रकोर लावून झाल्यावर सोडा. नाहीतर टिकलीचा गोंद आणि केस एकत्र चिकटतात.

ट्रिम आणि वाढवणं

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणून ओठापर्यंतच्या फ्लिक्सना दोन महिने काही करावं लागत नाही. त्याहून आखूड असतील तर पाच-सहा आठवड्यांनी ट्रिम. घरी करायची असेल तर केसांची वेगळी कात्री आणा, स्वयंपाकघरातली वापरू नका. केस कोरडे, बट दोन बोटांत सैल, कात्री उभी, आणि एका वेळी तांदळाच्या दाण्याच्या अर्ध्याएवढंच. ओढून धरलेली बट सोडली की वर जाते, हे घरी आणखी पटकन विसरायला होतं. रात्री अकराला आरशासमोर कात्री घेऊ नका. दिवसाउजेडी करा.

आणि वाढवायच्या ठरल्या तर गालाच्या हाडापासून हनुवटीपर्यंत यायला पाच-सहा महिने लागतात. त्या काळात महिन्यातून एकदा फक्त टोकांची लांबी बाजूच्या केसांत मिसळून घ्या. रोज सकाळी भांगापासून कानापर्यंत बारीक सागरवेणी घाला, बट तिच्यात आपोआप ओढली जाते. सुरुवातीला वेणीतून दोन-चार टोकं निसटतात, तिथे कानाच्या वर एक पिन लावा. चौथ्या महिन्यात त्या पिनेची गरज उरत नाही.